बाबांनी लिहिलेला चुकीचा गुणाकार

बाबांचा कोणत्याच सरळ गोष्टीवर विश्वास नाही. दर्यापूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, पण उत्तर बरोबर आलं की आधी शेजारच्या पोराची वही मागवायचे. चुकीखाली मात्र लाल रेघ ठरलेली. ज्या पोराची आशा सोडली, त्याच्याच वहीला लाल शाई लागत नसे.

त्यांना मी सहज म्हटलं, "बाबा, १२३४५६७८९१ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही."

"कोन म्हनते?"

"मोबाइल."

"एक ते नऊ ओळीनं, अन् मांगून पुन्हा एक! इतका शिस्तीचा आकडा साधा नसते बाई. मी पायतो."

पाहतो म्हणजे हातानं. वर्गमूळ पस्तीस हजारांच्या थोडं पुढे येतं. तिथवरच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. रोज तीन-चार भागाकार, शेष लाल शाईत.

मधेच दोनदा गॅस चालू राहिला. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, विसरण्याची सुरुवात असू शकते, लक्ष ठेवा. झालं! मी अकोल्याला माझ्या घरी खोली रिकामी केली. बाबा दर्यापूर सोडायला तयार नव्हते. मग ठरलं, डोकं चालतंय तोवर तिथेच राहायचं. तेव्हापासून मी तोंडावर 'हो बाबा, हो बाबा' म्हणायची आणि पाठीमागे गोळ्या मोजायची. तेही डोळे बारीक करून माझ्याकडे बघत असायचे.

एका रविवारी गेले, तर वही पुढे सरकवली. "सापडला! दहा हजार सात गुणिले एक लाख तेवीस हजार तीनशे त्रेपन्न."

त्यांनीच शिकवलेला नवाचा ताळा मनात करून पाहिला. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची. दोन्ही आकड्यांचे आठ, आठ आठे चौसष्ट, सहा आणि चार दहा, म्हणजे एक. मूळ आकड्याचाही एकच. शेवटचा अंकही जुळत होता. चहाच्या निमित्तानं आत जाऊन मोबाइलवर गुणाकार केला: १२३४३९३४७१. साफ चूक! मला रडूच आलं. अकोल्याच्या खोलीला पडदे लावायचे राहिलेत, हेसुद्धा तेवढ्यात आठवलं.

बाहेर येऊन म्हटलं, "बरोबर आहे बाबा. जिंकलात तुमी."

"आत जाऊन फोन पायला ना तू?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"ताळा जुळला पायजे, शेवटचा आकडा जुळला पायजे, अन् तरी चूक पायजे. असा जोडा शोधाले दोन दिवस लागले मले." त्यांनी पान उलटलं. मागे खरा भागाकार होता. शेष चार हजार तीनशे एक, लाल शाईत.

"असं कावून केलं बाबा?" मी चिडलेच.

"तू अजून भांडते का माह्याशी, ते पाह्याचं होतं. माह्या डोक्याचं मले माईत आहे. पन चूक दिसली तुले, अन् तू हो म्हनली."

त्यांनी लाल पेन माझ्यासमोर ठेवला. मी रेघ मारली, वाकडी आली.

"खालती लिही, चूक."

लिहिलं. मग कुठे त्यांनी चहाचा कप उचलला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

"नाही, बरोबर आहे," मी म्हटलं.