पाहुणीचं लाल हेल्मेट

आमच्या सांता रुफिना या खाणीच्या गावात अजूनही सांगतात की नेमेसियाने सोनेरी केसांचा टोप घातला, तोंडाला पीठ फासलं आणि गोरी बाई बनून खाणीत शिरली. साफ खोटं. टोप आणणार कुठून? आमच्या दुकानात चघळायची कोकाची पानं, मेणबत्त्या, हातोड्या, सुरुंगाच्या वाती आणि मऊ पडलेली बिस्किटं मिळतात. नेमेसिया भरदुपारी, गावासमोर, स्वतःच्या काळ्या वेण्यांनिशी आत गेली. खरं घडलं ते टोपापेक्षा वाईट आहे.

नेमेसिया माझ्या वर्गातली. तिची आई साबास्ता मावशी खाणीबाहेरच्या ढिगावर बसून टाकाऊ दगड फोडते आणि त्यातलं कथील वेचते. पोरीला शिकायचं होतं भूगर्भशास्त्र. आमचं बाकीच्यांचं नियोजन म्हणजे "परीक्षा देऊ, मग बघू." हिने खिडकीत पाच वर्षांचे पाच दगड मांडले होते, आणि सुरुवात करायची शेवटाकडून.

"पाचव्यात प्रबंध. तिसऱ्यात नकाशे. पहिल्या दोनात गणित नि रसायन, ते रडतखडत होईल. पण हा बघ चौथा." चौथा काळा आणि जड होता. "त्या वर्षी खाणीत काम केल्याशिवाय पदवी नाही. मला कोण आत घेणार?"

कोणी नाही. बाई आत आली की भूमातेला वाटतं सवत आली, आणि ती कथिलाच्या शिरा आवळून घेते. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. शेजारच्या गावची इग्नासिया तीन वर्षं पास झाली, चौथ्याला एकाही खाणीने दार उघडलं नाही. आता ओरुरो शहराच्या बसस्टँडवर आपी, म्हणजे मक्याचं गरम पेय, विकते.

म्हणून नेमेसियाला प्रवेशाच्या आधीच खाणकामगार संघाचा शब्द हवा होता. संघाने हात वर करून दिलेला शब्द मोडत नाहीत. मामा बघत असतो. मामा म्हणजे खाणीच्या पोटात बसलेला शिंगवाला मातीचा पुतळा, खाणीचा धनी. त्याला सिगारेट पेटवून दिल्याशिवाय कोणी घण उचलत नाही.

त्याच महिन्यात डेन्मार्कची मारेन आली. भूगर्भशास्त्राच्या चौथ्या वर्षाला होती, खाणीतलं काम करायला आलेली. संघाचे अध्यक्ष फाउस्तिनो यांनी तिच्या गळ्यात कागदी फुलांची माळ घातली, डोक्यावर पाहुण्यांचं लाल हेल्मेट चढवलं आणि आत नेलं. तिची दगडांची पिशवी नेमेसिया उचलायची, खाणीच्या तोंडापर्यंत. पुढे नाही.

रविवारच्या सभेत नेमेसिया उभी राहिली. "अध्यक्षसाहेब, मारेन बाई नाही का?"

फाउस्तिनोंच्या गालात कायम कोकाचा गोळा, त्यामुळे त्यांचे शब्द ओले होऊनच बाहेर येतात. "ती पाहुणी गं, पोरी. पाहुणीला भूमाता बाई धरत नाही. काय रे, हो की नाही?"

"हो-हो-हो," सगळी बाकं हलली.

"मग मलाही पाहुणी करा."

फाउस्तिनोंनी गोळा या गालातून त्या गालात ढकलला. मजा येणार असली की ते तसं करतात. "पाहुणीचं गावात कोणी नसतं. पुढच्या रविवारी आईला आण. तिने सांगावं, ही माझी कोणी नाही. मग करू हात वर."

लोक इतके हसले की एकाचं हेल्मेट पडलं. मीही हसले; सभेत मी पानं विकायला असते, आणि हसणाऱ्यांना पानं जास्त लागतात.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणाले, "मावशी हे मरेपर्यंत बोलणार नाही."

"बोलेल."

"पैज?"

"तुझ्या पायातले नवे खाणीचे बूट. मी हरले तर पाचही दगड तुझे, मी ढिगावर आईशेजारी बसते."

"बस मग. हातोडी आमच्याच दुकानातून घे."

पुढच्या रविवारी साबास्ता मावशी आली. धुळीचाच घागरा, हातात हातोडी. ठेवायला जागा नसल्यासारखी धरलेली. पुरुष एकमेकांना कोपरं मारत होते.

"बोल, साबास्ता," फाउस्तिनो म्हणाले. "ही कोण तुझी?"

"ही माझी कोणी नाही."

लगेच. घसासुद्धा न खाकरता. हसायला तयार झालेली तोंडं उघडीच राहिली.

"मोठ्याने बोल. मागे ऐकू गेलं नाही."

"एकदा सांगितलं. तुमच्या कानांत धूळ साचलीये, ती मी कशी काढू?"

आता फाउस्तिनोच अडकले. आधी एक हात वर गेला, मग बाकीचे, शेवटचा त्यांचा. शब्द पक्का करायला नेमेसियाला लाल हेल्मेट दिलं, आणि ती आत जाऊन मामाला सिगारेट पेटवून आली. बाहेर आली तेव्हा फाउस्तिनोंनी सूड उगवला. "पाहुणीने पाहुण्यांच्या खोलीत झोपायचं. कुणाच्या घरात नाही."

म्हणजे स्वतःच्या घरातही नाही. शिकायला ओरुरोला जायच्या दिवसापर्यंत ती मारेनच्या शेजारच्या खाटेवर झोपली. एकदा संध्याकाळी घरी गेली तर मावशीने स्टूल पुसून दिलं. "बसा. सूप घ्या. आमच्याकडे साधंच असतं." नेमेसियाने सूप संपवलं, आभार मानले आणि उठली. शब्द मोडला असता तर चौथा दगड गेला असता, हे दोघींनाही कळत होतं.

प्रवेश परीक्षा ती पास झाली. ओरुरोच्या गाडीत चढताना तिने माझ्यापुढे हात केला. मी बूट काढून दिले. सोबत आणलेल्या वडिलांच्या फाटक्या चपलांत फटक-फटक करत मी ढिगापाशी आले.

साबास्ता मावशीने मान वर केली नाही. "गेली का पाहुणी?"

"गेली."

"बूट होतात का तिला?"

"मोठे होतात, मावशी."

"मग चिंध्या कोंबेल," ती म्हणाली, आणि पुढचा दगड एका घावात फोडला.