लाल नखांचा वैमानिक

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. आम्ही गोळा करत होतो ते नौदलाच्या वैमानिकांचे जुने कपडे आणि सामान. किस्से त्यावर फुकट आले, भाजीवाला वर कोथिंबीर टाकतो तसे. आता परिस्थिती अशी आहे की सामान एका कपाटात मावतं आणि किस्से मावत नाहीत.

आम्ही म्हणजे तिघं. साळवे भाऊ चाकणच्या एका कंपनीत टूलरूमला, मी त्याच कंपनीत क्वालिटीला. तिसरा बाळू, मूळचा चऱ्होलीचा. त्याच्या शेतात आता बिल्डिंगा उभ्या आहेत आणि तो पेंटिंगचं वर्कशॉप चालवतो. आमच्याकडे समुद्र नाही. तिघांपैकी पोहता येतं ते एकट्या बाळूला, तेही विहिरीत.

सुरुवात साळवे भाऊंनी केली. जुन्या बाजारात त्यांना एक रबरी मास्क दिसला. विकणारा म्हणत होता, वाफ घ्यायचा आहे. निघाला विमानवाहू जहाजावरून उडणाऱ्या वैमानिकाचा ऑक्सिजन मास्क! मास्क आला म्हणजे हेल्मेट हवं, हेल्मेट आलं म्हणजे ओव्हरऑल हवा. डोक्यापासून पायापर्यंत एक अख्खा वैमानिक उभा करायचा, हे त्यांनी मनावर घेतलं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "टूलरूमचा माणूस असेंब्ली अर्धी ठेवत नसतो."

* * *

ओव्हरऑल कुरिअरने आला. घरी शोभावहिनींचे प्रश्न नकोत म्हणून साळवे भाऊंनी तो कंपनीच्या पत्त्यावर मागवला. आत आला, पण बाहेर जाईना. शिफ्ट सुटल्यावर गेटवर सिक्युरिटीने पिशवी उघडली.

"कंपनीची डांगरी घरी चालली का, भाऊ?"

डांगरी म्हणजे आमच्याकडे मेंटेनन्सवाले घालतात तो अंगभर ड्रेस. रंगही जवळपास तोच. साळवे भाऊ म्हणाले, "अहो, ही वैमानिकाची आहे."

"असेल. पण कुठल्या डिपार्टमेंटची?"

गेटपासशिवाय आमच्या कंपनीतून रिकामं खोकंसुद्धा बाहेर जात नाही. प्रकरण स्टोअरला गेलं. गेटपास दोन प्रकारचे, परत येणाऱ्या मालाचा वेगळा आणि परत न येणाऱ्याचा वेगळा. स्टोअरवाला पेन उघडून बसला. "हे परत येणार का?"

साळवे भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. "हा घालून जो गेला होता तो परत आला असावा," ते म्हणाले. "पुढचं मला सांगता येणार नाही."

* * *

हेल्मेट मिळालं ते ओरखड्यांनी भरलेलं. एका बाजूला रंग उडालेला, कुणाचं तरी नाव खरवडून काढल्याची खूण. साळवे भाऊ त्यावरून बोट फिरवत बसायचे. काचेचा एक स्क्रू तेवढा ढिला होता, म्हणून बाळूकडे दिलं.

दोन दिवसांनी बाळू ते नव्या टॉवेलात गुंडाळून घेऊन आला. टॉवेल काढला तर आत आरशासारखं पांढरंशुभ्र हेल्मेट. घासून, पुटी भरून, रंगाचे तीन कोट मारून, वर लॅकर.

"भाऊ, आता कसं शोरूमपीस वाटतंय," बाळू म्हणाला. "मजुरी न्हाई घेणार. आपल्याच घरचं काम हाय."

साळवे भाऊ स्टुलावर बसले. मग हळूच म्हणाले, "बाळू, त्या ओरखड्यांसाठीच घेतलं होतं रे ते."

बाळूचा चेहरा उतरला. पण धंद्यातला माणूस तो, लगेच सावरला. "मग आधी सांगायचं राव! द्या हिकडं, ओरखडे परत मारून देतो."

* * *

जी-सूट हा प्रकार जरा समजावून सांगावा लागतो. विमान झपकन वळलं की रक्त पायांकडे उतरतं आणि वैमानिकाला भोवळ येते. म्हणून तो एक खास विजार घालतो. तिच्यात पोटावर, मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर हवेच्या पिशव्या असतात. नळीतून हवा आली की पिशव्या फुगून पाय आवळतात आणि रक्त वरच्या वर राहतं.

आम्हाला मिळाला तो नळीसकट. बाळू म्हणाला, "चालू हाय का न्हाई, बघाया तर पायजे." मी क्वालिटीचा माणूस, टेस्टिंगला नाही कसं म्हणणार? विजार चढवली आणि बाळूच्या वर्कशॉपमधल्या टेबलावर बसलो. बाळूने रंगाच्या कॉम्प्रेसरची नळी जोडली.

पहिल्यांदा बरं वाटलं. दिवसभर शॉपफ्लोअरवर उभं राहिलेल्या माणसाचे पाय कुणी चेपून दिले तर वाटतं तसं. मग जास्त बरं वाटलं. मग मी ओरडायला लागलो. बाळूने नळी काढली, पण आतली हवा काही सुटेना. गुडघे वाकेनात. मी टेबलावर उताणा आणि दोन्ही पाय छताकडे.

साळवे भाऊ धावत आले, वाकले आणि माझ्या मांडीजवळ नाक नेऊन बघायला लागले. "शिवण उसवतेय का बघ रे, शिवण!"

"आणि माझे पाय?"

"पाय सगळ्यांना असतात," साळवे भाऊ म्हणाले.

सामान ठेवायचं, घालायचं नाही, हा नियम तेव्हापासूनचा.

* * *

कपडे जमले तसा ते घालायला माणूस हवा झाला. पिंपरी कॅम्पात एक कपड्याचं दुकान बंद होत होतं, तिथे डमी विकायला काढल्याचं कळलं. आम्ही पोचलो तेव्हा जेन्ट्स डमी संपले होते. उरली होती एकच लेडीज, साडीच्या काउंटरची. एक हात खाली सोडलेला, दुसरा कमरेवर, आणि दहाही नखं लालभडक रंगवलेली.

दुकानदार म्हणाला, "ले जाओ साहब. ऊपर से कोट डालोगे तो कौन देखता है?"

तिला आणायचं कसं? बाळूने स्कूटर काढली. पुढे बाळू, मागे मी, मध्ये ती. डोक्यावरून चादर घेतली होती, लोक बघतात म्हणून. चौकात हवालदाराने अडवलं.

"ट्रिपल सीट?"

"साहेब, ह्या बाई न्हाईत," बाळू म्हणाला. हवालदाराने चादर वर करून पाहिलं. ती त्याच्याकडे बघून हसत होती, म्हणजे तिचा चेहराच तसा होता. तो दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, "जा. पण सांभाळून न्या."

ओव्हरऑल, लाइफ जॅकेट, मास्क, हेल्मेट चढवल्यावर खरोखरच काही कळेना. हात सोडून! नखांचा रंग काढायला बाळूने थिनर लावून पाहिलं. बोटाचा रंग गेला, नखाचा गेला नाही. मग ते हात झाकायला एकच उपाय उरला. वैमानिकाचे हातमोजे.

* * *

हातमोज्यांचा पत्ता बाळूनेच काढला. त्याच्या जुन्या शेतावरच्या सोसायटीत तो ग्रिल रंगवायला गेला होता. तिथे एका दारावर नौदलाचे पंख लावलेली पाटी दिसली. संध्याकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, आमच्या हरभऱ्याच्या रानात पायलट उतरलाय!"

ते निवृत्त लेफ्टनंट कमांडर. उंच, सडपातळ, मोजकं बोलणारे. घरी ते आणि त्यांची मुलगी माधवीताई, कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या. चहा कमांडरसाहेब स्वतः करायचे आणि उत्तम करायचे.

पहिल्या भेटीत त्यांनी साळवे भाऊंना लोकरीचे मोजे दिले. दुसऱ्या भेटीत टाय. मग बूट, मग मांडीला बांधायची नकाशाची पट्टी. मागितलं नाही तेसुद्धा दिलं. मागितलं ते मात्र नाही.

"साहेब, हातमोजे आहेत का?"

"आहेत."

"मिळतील?"

"साखर किती घेणार?"

हा संवाद महिन्यातून एकदा व्हायचा. साळवे भाऊंचा जीव त्या हातमोज्यांत अडकला होता. घरी वैमानिक नटूनथटून उभा आणि कमरेवर लाल नखांचा हात! पाहुणे आले की वहिनी मुद्दाम त्या हातात पिशवी अडकवायच्या. शेवटी एकदा साळवे भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि कळवळून म्हणाले, "साहेब, तेवढ्यासाठी माझी असेंब्ली अपुरी आहे हो."

"माझीही," कमांडरसाहेब म्हणाले, आणि कप उचलून आत घेऊन गेले.

* * *

साळवे भाऊ राहतात पुनावळ्यात. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सव्वीस जानेवारीला हे सगळं मांडायचं ठरलं. परवानगी मागायला गेलो तर सेक्रेटरी गोंधळले.

"नेव्ही म्हणताय, मग विमान कसं? काहीतरी एक नक्की करा."

समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला. त्यांना पटलं. पटल्यावर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या क्लबहाऊसमध्ये नेव्हीचे पायलट येणार आहेत. मुलांना घेऊन यावे.'

सकाळी झेंडावंदन झाल्याबरोबर ही गर्दी! बी विंगमधल्या एक काकू पहिल्या खुर्चीवर बसून राहिल्या. शेवटी त्यांनी साळवे भाऊंना खूण करून बोलावलं आणि विचारलं, "पायलट कुठे आहेत?"

साळवे भाऊंनी डमीकडे हात केला. काकूंनी तिला नीट न्याहाळलं.

"बरं. मग भाषण किती वाजता आहे?"

* * *

त्याच दिवशीची गोष्ट. आदल्या संध्याकाळी कमांडरसाहेबांचा स्वतःहून फोन आला होता. "उद्या येतो. हातमोजे घेऊन येतो." साळवे भाऊंनी मला तो निरोप तीनदा सांगितला. नवा शर्ट घातला. डमीचा खाली सोडलेला हात कसाबसा ओव्हरऑलच्या खिशात घातला होता. कमरेवरचा मात्र हलत नव्हता, तो तसाच होता. "आता थोडाच वेळ," असं ते त्या हाताला म्हटल्यासारखं म्हणाले.

माधवीताई आधी आत आल्या. साहेब मागून जिना चढत होते. त्या एकेक वस्तू बघत होत्या आणि प्रत्येकीचं नाव त्यांना आमच्याआधी माहीत होतं.

"तुम्हाला बरीच माहिती आहे," मी म्हणालो.

"लहानपणी माझा एकच हट्ट होता. नेव्हीत विमान चालवणार. बाबा म्हणायचे, मुलींना घेत नाहीत." त्यांनी नकाशाची पट्टी सरळ केली. "तेव्हा खरंच घेत नव्हते."

"आणि घ्यायला लागले तेव्हा?"

"तेव्हा माझं वय गेलं होतं." बस चुकल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

कमांडरसाहेब आले. थेट वैमानिकासमोर उभे राहिले आणि खालून वर तपासू लागले. बुटाची नाडी, जी-सूटची नळी, लाइफ जॅकेटचा बंद. एक बक्कल उलटं होतं, ते सुलटं केलं. मग त्यांची नजर कमरेवरच्या हातावर आली आणि तिथेच थांबली.

साळवे भाऊ घाईघाईने म्हणाले, "साहेब, जेन्ट्स डमी मिळाला नाही हो. माफ करा. पण तुमचे हातमोजे चढवले की काही दिसणार नाही."

साहेबांनी कोटाच्या खिशातून हातमोजे काढले. पातळ, मऊ कातड्याचे, साईच्या रंगाचे, बोटांच्या टोकांना काळवंडलेले. साळवे भाऊंनी प्रसाद घ्यायला करतात तसे दोन्ही हात पुढे केले.

माधवीताई वडिलांच्या खांद्यामागून त्या लाल नखांकडे बघत होत्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "हिला घेतलं वाटतं."

कमांडरसाहेब तसेच उभे राहिले. मागे मुलांचा गलका चालू होता. मग ते वळले.

"हात दे."

माधवीताईंनी हात पुढे केला. साहेबांनी स्वतः हातमोजा चढवला. एकेक बोट ओढून बसवलं, मनगटाचं बटण लावलं. मग दुसरा हात.

"मूठ मिट."

त्यांनी मिटली.

"घट्ट होतात?"

"नाही."

"चल मग," साहेब म्हणाले, आणि दोघं निघाले. हातमोजे माधवीताईंच्या हातातच होते. जिन्याच्या कठड्यावरून तो साईच्या रंगाचा हात खाली जाताना मला दिसला. साळवे भाऊंचे पसरलेले हात अजून तसेच होते. ते त्यांनी हळूहळू खाली घेतले.

बाळूला राहवेना. "भाऊ, मग आता ह्या हातांचं काय करायचं?"

साळवे भाऊ पुढे झाले आणि डमीचा खिशातला हातही त्यांनी बाहेर काढून ठेवला.