आठवं वाक्य

कारखान्याचा टेलिफोन बोर्ड काढून टाकला तेव्हा ऑपरेटरबाई एकेचाळीस वर्षांच्या होत्या. अठरा वर्षं कानाला यंत्र लावून त्यांनी माणसं जोडून दिली होती. आठवडाभर घरात बसल्या, मग एक दिवस उठून माहितीशास्त्राच्या वर्गात नाव घालून आल्या. नवरा म्हणाला, या वयात लोकांच्या चष्म्याचा नंबर वाढतो, ही परीक्षेचा नंबर घेऊन आली. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मायलेकी एकाच टेबलाशी घोकायला बसू लागल्या.

वर्गातल्या मॅडम एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या: यंत्र सगळ्यांत शेवटी. आधी माणसांना विचारा, आणि विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका.

प्रकल्पासाठी बाईंना वृद्धाश्रम मिळाला. मधोमध लांब दिवाणखाना, दोन्ही अंगांना मिळून एकेकाच्या नऊ खोल्या, आणि रोज कुणाचं ना कुणाचं औषध चुकलेलं. बाईंनी महिनाभर नुसती विचारपूस केली, मग प्रत्येक खोलीत वेळेवर आठवण करणारा एक बोलका डबा बसवला. पण त्यातल्या तयार आवाजाला कुणी भीक घालीना. ती कोण टिकोजीराव आम्हाला सांगणार, असं आज्यांचं म्हणणं. त्यांना आवाज हवा होता मोठ्या सिस्टरांचा. सिस्टर पंचवीस वर्षं तिथं होत्या. बोलणं तुटक, पण त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. बाईंनी त्यांना कपड्यांच्या खोलीत, चादरींच्या ढिगाशेजारी बसवून सात वाक्यं बोलून घेतली. गोळी घ्या, पाणी प्या, डोळ्यांत थेंब घाला, अशी. दुसऱ्या दिवसापासून औषधं चुकायची थांबली.

तिसऱ्या महिन्यात सिस्टर गेल्या. सकाळी कामावर आल्या, जिन्यात टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

बाई आवाज बदलायला गेल्या तर सगळे आडवे आले. आश्रमात एक म्हातारे शिंपीकाका होते. माणूस गेलं, आवाज तरी राहू दे, असं ते म्हणाले, आणि बाईंचा हात मागे आला.

पंधरा दिवसांनी याच काकांनी सहज विचारलं, "सिस्टर रोज चार वाजता दाराचं का सांगतात हो?"

दाराचं एकही वाक्य नव्हतं. बाईंनी हसण्यावारी नेलं, पण मन थाऱ्यावर राहीना. खोलीखोलीत जाऊन त्यांनी प्रत्येकाला एकट्याला एवढंच विचारलं, की सिस्टर दिवसभरात काय काय सांगतात. नऊपैकी सहा जणांनी आठवं वाक्य सांगितलं. शब्दन् शब्द तोच.

"दार लोटू नका, मी येतेय."

एरवी कुणाशी न बोलणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या मावशींनीही तेच सांगितलं.

बाईंनी यंत्र तपासलं. वाक्यं सातच. चार वाजताची नोंद कोरी. मूळ रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. सातव्या वाक्यानंतर चादरींची सळसळ, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनलाच त्यांनी सगळ्या डब्यांची वीज काढली, कुणाला सांगितलं नाही, आणि दिवाणखान्यात बसून राहिल्या. चार वाजले. बाईंना काहीच ऐकू आलं नाही. पण समोरच्या आजींच्या विणायच्या सुया थांबल्या. काकांनी पेपर खाली ठेवला. ते वाक्य सांगणाऱ्यांच्या माना एकाच वेळी किंचित कलल्या, आपल्याशी कुणी हळू बोलत असलं की कलतात तशा. मग एकेकजण उठला आणि आपापलं दार सताड उघडून आला.

"आता ऐकलंत ना?" काकांनी विचारलं.

बाईंच्या तोंडून "हो" निघून गेलं.

तेवढ्यात मावशींचंही दार उघडलं. बाई उठून त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मावशी पलंगावर पडूनच होत्या.

"जरा बाजूला व्हा," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यांना आत येऊ द्या."

बाई बाजूला झाल्या. आपण कुणाला वाट दिली, हे त्यांना आजही सांगता येत नाही.

डबे त्यांनी त्याच आठवड्यात उतरवले आणि खोल्यांत नुसत्या घंटा बसवल्या. चार वाजता दारं उघडायची मात्र थांबली नाहीत. शेवटी व्यवस्थापकांनी आतल्या कड्याच काढून टाकल्या. प्रकल्पाच्या अहवालात बाईंनी हे सगळं लिहिलं होतं; ते पान मॅडमनी खोडायला सांगितलं. बाई म्हणाल्या, उत्तर लोकांच्या तोंडात घालायचं नाही, तसं तोंडातून काढूनही घ्यायचं नाही. मॅडमनी पान पुन्हा वाचलं आणि राहू दिलं.

बाई पास झाल्या. आता त्या दवाखान्यांना, संस्थांना, वाचनालयांना यंत्रं बसवून देतात, शिकवतात, चार वेळा जाऊन विचारतात. फक्त ओळखीच्या माणसाच्या आवाजाचं नाव काढलं की त्या कानाला खडा लावतात. परवा एका वाचनालयाच्या मंडळींनी आग्रह धरला की सूचना तुमच्याच आवाजात असू द्या. बाईंनी घसा बसलाय म्हणून सांगितलं.