साखर फोडणारं प्रथिन आणि माझे सासरे

जंतूच्या पोटातल्या प्रथिनाला जीव लावणारा माणूस भूतलावर एकच असेल, आणि तो परंड्यात माझा सासरा होऊन बसला आहे. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते निवृत्त झाले, पण शिकवणं थांबलं नाही. वर्गाच्या जागी सापडेल तो माणूस आला. कुर्डुवाडीच्या एस.टी.त शेजारचा प्रवासी आमांशाच्या जंतूवरच्या व्याख्यानाला कंटाळून "माझं गाव आलं" म्हणत भर रानात उतरलेला मी पाहिला आहे. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी नोकरीचं काहीच विचारलं नाही. पोह्यांची बशी पुढं सरकवून म्हणाले, "साखर फोडणारं एक प्रथिन हाय. पेशीच्या आत बसून गुमान काम करतंय. पण हिवतापाच्या जंतूत तेच बाहेर अंगावर येतंय आन् डासाच्या आतड्यात शिरायला वाट करून देतंय. काय म्हणावं याला?"

मी घाबरून विचारलं, "दोन्ही कामांचा पगार मिळतो का?"

त्यांनी मला कडकडून मिठी मारली. लग्न ठरलं.

एकदा माकणीहून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, फोन आला. त्यांची एकुलती गाय तापानं फणफणली होती, चारा तोंडात घेत नव्हती. सासरे सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन एस.टी.नं निघाले, सोबत मी. गाईच्या कानाचं थेंबभर रक्त काचेवर पसरून, रंग चढवून त्यांनी डोळा लावला आणि अर्ध्या तासानं ओरडले, "आक्का, गोचीड तापाचा जंतू! काय देखणा हाय!"

"आरं, माझी गाय मरायला टेकली आन् तू त्याचं कवतिक करतुयास व्हय?" आक्कांना रडू फुटलं.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. काच रुमालात गुंडाळून ते अनवाणीच जनावरांच्या डॉक्टरकडं पळाले. वेळेत इंजेक्शन मिळालं. तिसऱ्या दिवशी गाईनं कडबा ओढला. ते तीन दिवस सासरे गोठ्यात बसून होते, आणि प्रथिनाचा शब्दही त्यांनी काढला नाही.

यंदा त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. अक्षर दिसत नाही. आता दुपारी सासूबाई चष्मा लावून त्यांना इंग्रजी लेख वाचून दाखवतात, एकेक अक्षर जुळवत. परवा एका शब्दाशी त्या तीनदा अडल्या. तो लेख मीच कधीतरी छापून आणून दिलेला, सासऱ्यांना तोंडपाठ.

"लईच नवीन हाय गं हे," ते मान हलवत म्हणाले. "सावकाश वाच."