श्रावणातला कॉफी केक

आमच्याकडे श्रावणाच्या आदल्या दिवशी फ्रीज आतून-बाहेरून धुतला जातो. सासूबाई स्वतः धुतात, कारण माझ्या धुण्यावर त्यांचा विश्वास नाही. मग महिनाभर मासे नाहीत, मटण नाही, अंडं तर दारातसुद्धा नाही. खरं सांगायचं तर महिनाभर मासे साफ करावे लागत नाहीत म्हणून मलाही ते बरंच वाटतं. त्या वर्षी मात्र फ्रीजरमध्ये कॉफी केक होता.

नणंद दिवस गेल्यावर माहेरी, आमच्याकडे वसईला आली होती. आधी दोनदा तिचं मूल राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात सगळेच दबकून वागत होते. त्यात हिला काही पचेना. भात उलटायचा, पेज उलटायची, कधी नुसतं पाणीही. वजन उतरत चाललं. असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. डोहाळे विचारून विचारून सासूबाई थकल्या. चिंचा, आवळे, कैरीचं लोणचं, सगळं झालं. एक दिवस ती मला म्हणाली, "वहिनी, तुझा तो कॉफीचा केक खावासा वाटतोय."

केक पोटात टिकला! पण तो भाजतानाचा वास तिला सोसेना. ओव्हन लावला की ती मोरीकडे धावायची. म्हणून मी भुईगावला, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या घरी जाऊन केक भाजू लागले. नाताळच्या आधी तिच्याकडे केकचा कारखानाच असतो, त्यामुळे साठवायचं कसं ते तिनंच शिकवलं. पूर्ण गार झाल्याशिवाय गुंडाळायचा नाही, नाहीतर आत वाफ धरते आणि केकवर बर्फ जमतो. आधी तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा बटर पेपरात, वर फॉइल, मग घट्ट झाकणाचा डबा. गार केकला वास जवळजवळ नसतोच. नणंद तो पुरता मऊ पडायचीही वाट बघायची नाही. डॉक्टर म्हणाल्या, कॉफी बेताची असू द्या, पण पोटात काहीतरी जाऊ द्या.

आणि श्रावण तोंडावर आला. मी अंड्याऐवजी दही घालून केक करून पाहिला, तो उलटला. शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या बराच वेळ फडक्यानं फ्रीज पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरात ठेवू नकोस गं. बाहेरून आणून दे, मी बघणार नाही."

मला असा राग आला! लेक डोळ्यांदेखत वाळतेय आणि ह्यांना सोवळं सुचतंय. पण मी तोंड आवरलं. डबा भुईगावला मैत्रिणीच्या फ्रीजरमध्ये गेला, बोंबलांच्या शेजारी. रोज ऑफिसातून येताना मी वाट वाकडी करून एक तुकडा घेऊन यायची.

श्रावणातल्या पहिल्याच सोमवारी ऑफिसात काम लांबलं. घरी फोन केला तर कुणी उचलेना. भुईगावला न वळता मी तशीच घरी निघाले; वाटेत सगळे नको ते विचार मनात आले. दार सासूबाईंनी उघडलं. ओट्यावर फॉइलचे चुरगळलेले तुकडे होते, आणि फ्रीजर उघडला तर खवलेला नारळ बाजूला सारून माझा डबा आत बसवलेला.

"सकाळपासून पाणीसुद्धा राहिना तिच्या पोटात," त्या म्हणाल्या. "तुझा फोन लागेना. मग रिक्षा केली आणि भुईगावला जाऊन डबाच घेऊन आले."

"आई, आज सोमवार आहे."

"उपास माझा आहे. पोटातल्या पोराला कुठला आलाय श्रावण?"

"राहिलं पोटात?"

"दोन तुकडे खाल्ले. वर पेज प्यायली. तेव्हापासून झोपलीय."

माझा जीव भांड्यात पडला. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून खाली फरशीवर बसले आणि हसता हसता रडायला लागले. दुपारपर्यंत मनात त्यांना काय काय बोलले होते, ते आठवून आणखीच रडू आलं. सासूबाईंनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी डबा काढला, उरलेले तुकडे बोटानं चाळले आणि झाकण घट्ट लावलं.

"हे काही पुरायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "रविवारी मी तिला निर्मळच्या देवळात घेऊन जाते. तेवढ्यात तू इथंच भाज. खिडक्या उघड्या ठेव, आणि वास गेला की फोन कर. तोवर आम्ही तिथंच बसू."