कार्बन वाळवायची कढई

“सर, कागलच्या पोरीच्या हाताला गुण हाय बघा. ती दुसरी नुसती वही भरती.”

दाराबाहेर प्रयोगशाळेतले मामा सरांना सांगत होते. दुसरी म्हणजे मी. आणि आत मी खरंच वही भरत बसले होते.

आम्ही दोघी एम.एस्सी. होऊन सरांच्या हाताखाली लागलो होतो. करवंटीच्या कोळशापासून केलेला सक्रिय कार्बन शुद्ध करायचा आणि त्यापासून वीज साठवणारे इलेक्ट्रोड बनवायचे, हे आमचं काम. जूनपासून पीएच.डी.साठी सर एकीलाच ठेवणार होते.

ती कागलहून एसटीने यायची. मामांच्या गुडघ्याची चौकशी करायची, आणि डिस्टिल्ड वॉटरचा पहिला कॅन तिच्या टेबलावर जायचा. मी ‘प्लीज’ म्हणायचे. मला मामा ‘बाईसाहेब’ म्हणत आणि दुपारनंतर बघू म्हणत. सगळे तिच्याशी हसून बोलतात याचा मला राग यायचा. ती माझ्याशीही चांगली वागते, याचा जास्त.

कार्बन आम्लात उकळला की त्यातली राख आणि लोखंड निघून जातं; लोखंड राहिलं तर साठवलेली वीज टिकत नाही. मग तो धूत राहायचं. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला की, आम्ल उरलं असेल तर, पाणी दुधाळ होई. ते निवळ राहीपर्यंत सुटका नसे. शेवटी चिनी मातीच्या वाट्यांत घालून ओव्हनमध्ये वाळवायचा. वाट्या लहान, त्यामुळे दिवस जात.

एके दिवशी तिनं घरून कढई आणली, घासून लख्ख केलेली.

“अगं, वाटीवाटीनं काय वाळवत बसलीयास? तुझाबी घाल की हितंच.”

कढई लोखंडी होती. ओला कार्बन तिच्यात तापला की आम्लानं काढलेलं लोखंड गंज होऊन परत त्यात येणार, आणि काळ्यात गंज दिसत नाही. हे मला तेव्हाच कळलं.

“नको, थँक्स,” मी म्हणाले.

तिच्या बाटल्या भराभर भरल्या. भरलेल्या बाटल्या बघून सर तिला शाब्बास म्हणाले. पण तिचा इलेक्ट्रोड चार्ज करून ठेवला की तासाभरात व्होल्टमीटरचा काटा खाली येई. माझा दुसऱ्या दिवशीही बराच वर असे. धुण्यात कसूर आहे, सर म्हणाले. तिनं नवा कार्बन घेऊन सगळं पुन्हा केलं, तीनदा. आम्लानं बोटांची सालं निघाली. काटा पडतच राहिला. शेजारी उभी राहून मी माझे आकडे सुवाच्य अक्षरात उतरवत होते. तो काटा पडताना मला बरं वाटायचं. हे लिहायला आजही जड जातं.

शेवटी सरांनी दोघींना खोलीत बोलावलं.

“धुण्याचा कंटाळा असेल तर हे काम होत नाही.”

“कंटाळा न्हाई केला सर. मामांस्नी इचारा की.”

“मी काट्याला विचारलंय,” म्हणत ते माझ्याकडे वळले. “सोमवारपासून हिचं टेबलही तूच बघ.”

मला हवं होतं ते हेच. ती बोटं ओढणीत गुंडाळून उभी होती, आणि माझ्याकडे बघतही नव्हती. मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवू लागले. ते जुळेना.

“सर, तिनं नीट धुतलंय,” मी म्हणाले. “ती लोखंडी कढईत वाळवते. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही.”