पाठकोरा कागद

दुपारचे बारा. कोल्हापुरातलं आमच्या दैनिकाचं कार्यालय, पहिला मजला. इंटरनेट असलेला एकच संगणक, आणि त्याच्या पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर कार्यालयाच्या ई-मेलचा पासवर्ड, ठळक अक्षरांत.

वार्ताहर म्हणून आयुष्य काढलं की असे किस्से साचत जातात. मित्र जमले की सांगतो, ते हसतात. मला हल्ली सांगताना हसू येत नाही.

ती चिठ्ठी काढा, म्हणून मी संपादकांशी भांडलो. ते शांतपणे म्हणाले, "मग विसरल्यावर विचारायचं कुणाला?"

चिठ्ठी राहिली. एकदा जाहिरात द्यायला आलेला कापड दुकानदार त्या खुर्चीवर बसला, आमचं मेल उघडून दहा मिनिटं वाचत राहिला आणि जाताना म्हणाला, "तुमास्नी पत्रं लई येत्यात की!"

संपादकांचा कडक नियम एकच होता, कागद वाया घालवायचा नाही. आलेलं प्रत्येक मेल छापायचं, काम झालं की तो कागद पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात टाकायचा. पुढचा मजकूर त्याच्याच कोऱ्या बाजूवर छापायचा.

*

मोबाइल नवीन आले तेव्हा आमच्या पवारला वाटलं, आता आपण कुठं आहोत ते कुणाला कळणार नाही. हातकणंगल्याच्या बैठकीला पाठवलेला हा गडी इथंच कोल्हापुरात, कसबा बावड्यात मेव्हण्याच्या घरी जेवत होता. संपादकांनी फोन लावला. "बैठकीतच हाय सर," पवार हळू आवाजात म्हणाला, आणि मागं बावड्याच्या साखर कारखान्याचा भोंगा वाजला.

"पवार," संपादक म्हणाले, "बावड्याचा भोंगा हातकणंगल्याला ऐकू जातो व्हय?"

हे ऐकून आम्ही आठवडाभर हसलो. लपायला निघालेल्या माणसाला आपल्यामागं काय वाजतंय हे कळत नाही, एवढं तेव्हाच समजायला हवं होतं.

*

मग कार्यालयात नंबर दाखवणारा फोन आला. एका सरकारी कचेरीतून एका बाईंनी घाबरत फोन केला. साहेब कामाच्या फायली अडवून धरतात, एवढंच सांगितलं आणि नाव न सांगता ठेवून दिला.

बातम्या तपासणाऱ्या डेस्कवरच्या एका हुशार माणसाला आणखी माहिती हवी होती. त्यानं पडद्यावरचा नंबर फिरवला. "आत्ता तुमच्याकडून निनावी फोन आलता. कोण बोलत होतं?"

पलीकडून उत्तर आलं, "मीही तेच शोधतो आता." फोन साहेबांनीच उचलला होता.

महिन्याभरात त्या कचेरीतल्या एका बाईंची बदली झाल्याचं कानावर आलं. आमच्याकडं कुणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. त्यांच्या साहेबांना मात्र कळलं.

*

आता सुधाकर कांबळेचं. नाव लिहू का, असं मी त्याला परवा विचारलं. तो म्हणाला, "लिवा की. आता लपवायचं काय राहिलंय?"

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. घरातला पहिला पदवीधर. मोल्डिंगच्या वाळूची धूळ ओढून घेणारी यंत्रं तिथं बंद होती, कामगार खोकत होते. त्यांच्या छातीच्या तपासणीचे अहवाल त्याच्या हाती पडले. सगळ्यांचा मजकूर एकच, छाती साफ; फक्त नावं वेगळी.

त्याला ते मला कळवायचं होतं. कोल्हापुरात कुणी ओळखील म्हणून सुट्टीच्या दिवशी एसटीनं हातकणंगल्याला गेला. तिथल्या सायबर कॅफेत वहीत नाव लिहावं लागायचं. त्यानं खोटं लिहिलं. मालकानं विचारलं, "पावणं, कुठलं म्हणायचं?" यानं गाव खोटं सांगितलं. मालक त्या गावचाच जावई निघाला आणि कुणाच्या आळीतले म्हणून चौकशी करू लागला. कांबळेनं सुचलं ते आडनाव ठोकून दिलं आणि निभावून गेला.

मग त्यानं नवीन ई-मेल खातं उघडलं. पडद्यावर फॉर्म आला. त्यात मात्र त्यानं स्वतःचं पूर्ण नाव भरलं.

"का रे बाबा?" मी नंतर विचारलं.

"फॉर्म हुता न्हवं सर. फॉर्म खोटा कसा भरायचा?"

त्यामुळं छापलेल्या मेलच्या डोक्यावर त्याचं नाव स्वच्छ आलं. मी त्याला फोनवर शब्द दिला, हे नाव माझ्याबाहेर जाणार नाही. संगणकातलं मेल पुसलं. छापलेला एकमेव कागद पाकिटात घातला, पाकीट डिंकानं चिकटवलं आणि कुलपात ठेवायला संपादकांच्या हातात दिलं. चिठ्ठीवरच्या पासवर्डचा अनुभव होता म्हणून एवढं केलं.

*

बातमी छापण्याआधी कंपनीची बाजू विचारायची, ही आमची रीत. मी सहा प्रश्न लिहिले. ते कागदावर छापून माझ्याकडं आले, मी सही केली, शिपाई शिरोलीला देऊन आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला कांबळे कार्यालयात आला. कामाचे कपडे अंगात, डबा हातात. गेटवरूनच त्याला परत पाठवलं होतं. कशामुळं, हे विचारल्यावर मॅनेजरनं त्याच्या हातात एक कागद ठेवला होता. तो त्यानं माझ्या टेबलावर ठेवला.

"सर, ह्यो वळखता का?"

माझे सहा प्रश्न होते. मी म्हटलं, हो, माझेच आहेत.

"उलटा करा."

मी उलटा केला. वर त्याचं पूर्ण नाव. खाली खोकणाऱ्या कामगारांची यादी.

तो डबा उचलून जिना उतरला. त्यानंतर त्या पट्ट्यातल्या एकाही फौंड्रीनं त्याला घेतलं नाही. आमची बातमी कायदेशीर सल्ल्यासाठी थांबली, ती थांबलेलीच आहे.

मी संपादकांना विचारलं, डेस्कला विचारलं, दैनिकाच्या मालकांना लेखी विचारलं. चिकटवलेलं पाकीट कुणी फोडलं आणि तो कागद पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात कुणी टाकला, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

कागद माझ्याकडं आहे. प्रश्नांच्या खाली सही माझी आहे.